रॉकेटची काडी मोडू नका

गेल्या दिवाळीत आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत एक रॉकेट जेमतेम दहा फूट वर गेलं, तिथनं आडवं वळलं आणि समोरच्या काकूंनी गॅलरीत वाळत टाकलेल्या सतरंजीत घुसलं. सतरंजीला रुपयाएवढं भोक, काकूंचा आरडाओरडा, पोरं गायब. नंतर चौकशी केली तर कळलं की पोरांनी रॉकेटची काडी निम्मी मोडली होती, कारण बाटली लहान होती आणि लांब काडीमुळं ती सारखी कलंडत होती. पण खरी गंमत पुढंच आहे. तिथं जमलेल्या मोठ्या माणसांत एक बँकेतले साहेब, एक रिटायर गुरुजी आणि एक वायरमन होते, आणि तिघांचंही एकमत की काडीचा नि वळण्याचा काही संबंध नाही, मालच डुप्लिकेट आहे. मग काडी असते कशाला? तर म्हणे, बाटलीत उभं करायला!

मी साताऱ्यात एमआयडीसीत लेथवर काम करतो, रॉकेट हा माझा रविवारचा उद्योग, त्यामुळं मला त्या रात्री झोप लागेना. म्हणून हा लेख.

रॉकेट का उडतं हे शाळेत झालंय, न्यूटनचा तिसरा नियम, गॅस खाली तर नळी वर, ते सोडून देतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे. रॉकेट सरळ का जातं? काडीशिवाय नुसती पावडरची नळी पेटवून सोडली तर ती सरळ जात नाही, ती गरगर फिरते, भुईचक्रासारखी. म्हणजे सरळ जाणं हा रॉकेटचा स्वभाव नाही, तो त्याला लावावा लागतो, आणि ते काम ती दोन पैशाची बांबूची काडी करते.

दोन बिंदू लक्षात ठेवा. पहिला गुरुत्वमध्य, रॉकेटवाले त्याला सीजी म्हणतात. रॉकेट बोटावर आडवं धरलं की जिथं तोलून राहतं तो. हवेत रॉकेट कसंही फिरलं तरी याच बिंदूभोवती फिरतं. दुसरा दाबकेंद्र, म्हणजे सीपी. रॉकेट वर जातंय म्हणजे त्याला समोरून वारा लागतोय, गाडीवर बसल्यावर तोंडाला लागतो तसा. रॉकेट जरा तिरकं झालं की हा वारा कुशीवरनं त्याला ढकलतो, आणि ते सगळं ढकलणं मिळून ज्या एका बिंदूवर होतंय असं धरता येतं तो सीपी.

आता डोळ्यासमोर आणा. सीपी जर सीजीच्या मागं, शेपटीकडं असेल, तर वारा शेपटीला ढकलतो, शेपटी मागं जाते आणि नाक परत वाऱ्याच्या तोंडाला येतं. रॉकेट आपोआप सुधारतं. सीपी पुढं असेल तर वारा नाकालाच ढकलतो, नाक अजून वळतं, वळलं म्हणून वारा अजून जोरात ढकलतो, आणि सतरंजी. विहिरीवरच्या जुन्या पाणी काढायच्या पवनचक्कीला मागं पत्र्याचं शेपूट असतं ना, तेच हे. (चाळकेवाडीच्या पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्या मोटारीनं तोंड वळवतात, त्यांना शेपूट नाही, उगाच कोणी बोट दाखवायला नको.)

मी राहिलेल्या पाकिटातलं एक रॉकेट घेऊन पट्टीनं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. नळी १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड, भरलेली २० ग्रॅम. काडी ६० सेंटिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, वजन ६ ग्रॅमच्या आसपास. पुठ्ठ्यावर त्याची सावली कापून तोलली तर ढोबळ सीपी मिळतो, ही जुनी युक्ती आहे. नाकापासून सीजी आला साधारण ११ सेंटिमीटरवर आणि सीपी २१ वर. म्हणजे सीपी १० सेंटिमीटर मागं, छान. आता काडी निम्मी मोडा. सीजी येतो साडेसहावर, सीपी सव्वादहावर, अंतर उरलं साडेतीन-पावणेचार. आणि दारू जळत जाते तसं डोकं हलकं होतं, सीजी मागं सरकतो, ते अंतरही घटत जातं, शेवटी राहतं दोन सेंटिमीटर नि वर थोडं. पुठ्ठ्याचा हिशोब काही फार काटेकोर नाही, त्यात वारा जरा, नळी जरा तिरकी बांधलेली, की संपलं. तेव्हा माल डुप्लिकेट नव्हता, काकू.

शौकीन लोक जाड पुठ्ठ्याच्या नळीचं, काडीऐवजी शेपटीला पंख लावलेलं रॉकेट करतात तेव्हा अंदाज असा ठेवतात की सीपी सीजीच्या मागं निदान एका नळीच्या जाडीइतका हवा, त्याला एक कॅलिबर म्हणतात. पंखांच्या रॉकेटचा सीपी कागदावर काढायची पद्धत नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये शौकिनांसमोर मांडली, आता कॉम्प्युटरवर फुकट सॉफ्टवेअर ते करतं. इथं थोडं डोकं लावा, नाहीतर हा परिच्छेद सोडा. रॉकेटला सरळ करणारं वळणबळ हे वेगाच्या वर्गावर, तिरकेपणाच्या कोनावर आणि त्या सीजी-सीपी अंतरावर ठरतं, म्हणजे ही एक स्प्रिंगच झाली, आणि स्प्रिंग म्हटलं की झोका आला. रॉकेट सरळ होताना पलीकडं जातं, परत येतं, परत जातं, आणि हवेमुळं हा झोका विझतो. अंतर फार ठेवलं तर स्प्रिंग इतकी ताठ की रॉकेट प्रत्येक वाऱ्याच्या तोंडाला वळत बसतं. त्यामुळं जोराच्या वाऱ्यात फार मोठे पंख लावलेलं रॉकेट वाऱ्याबरोबर न जाता वाऱ्याच्या अंगावर जातं. मी हे चाळकेवाडीला आषाढात बघितलंय, वारा पश्चिमेकडनं आणि आमचं रॉकेट पश्चिमेलाच कललं, आणि सोबतचा मित्र म्हणतो "आरं उलटं कसं गेलं?" उलटं नाही, ते बरोबरच गेलं.

मोजायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गोफण. रॉकेटच्या सीजीला दोरी बांधा, चिकटपट्टीनं पक्की करा आणि मोकळ्या रानात डोक्याभोवती गरगर फिरवा, ज्वारीवरची पाखरं हाकलतात तसं. रॉकेट नाक पुढं करून फिरलं तर उडवा. आडवं किंवा शेपूट पुढं करून फिरलं तर नाकात वजन घाला नाहीतर पंख मोठे करा. यात दारू नाही, आग नाही, आणि निकाल एका मिनिटात.

आता माझा आवडता किस्सा. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद, ४१ फूट उंची, कोबीच्या वाफ्यात पडलं. त्याचा फोटो बघितलात तर इंजिन वर आहे आणि टाक्या खाली! असं का? तर त्यांना वाटलं की इंजिन वरनं ओढेल, टाक्या खाली लटकतील, आणि रॉकेट गवंड्याच्या ओळंब्यासारखं आपोआप उभं राहील. एवढा मोठा माणूस आणि चूक, आणि चूकही अशी की आजही इंजिनिअरिंगची पोरं तीच करतात. ओळंबा सरळ राहतो कारण दोरी वर एका पक्क्या जागी बांधलेली असते. रॉकेटचं इंजिन कुठल्या खिळ्याला बांधलेलं नाही. रॉकेट तिरकं झालं की इंजिनही त्याच्याबरोबर तिरकं होतं आणि त्याच तिरक्या रेषेत ओढत राहतं, आणि गुरुत्वाकर्षण तर सीजीवरच काम करतं, तेव्हा त्याच्याकडनं वळवायला काहीच मिळत नाही. इंजिन वर लावा नाहीतर खाली, फरक शून्य. गोडार्डना हे लवकरच उमगलं आणि पुढं त्यांनी इंजिन खाली नेलं. याच गोडार्डना १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं संपादकीयात टोमणा मारला होता की पोकळीत ढकलायला काही नसतं हे यांना शाळेतलंही कळत नाही, आणि चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो चंद्राच्या वाटेवर असताना.

आपल्याकडं तर या वस्तूला बाणच म्हणायचे. मराठ्यांच्या आणि म्हैसूरच्या फौजेत बाण होते. १७८० मध्ये पोळिलूरला हैदर-टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांना पाणी पाजलं, नंतर तेच नमुने बघून विल्यम काँग्रीव्हनं विलायतेत रॉकेटं बनवली, त्याच्या ३२ पौंडी रॉकेटला १५ फुटांची काडी लागायची. इतकी लांब काडी घोड्यावर न्यायची म्हणजे काय हाल! शेवटी १८४४ मध्ये विल्यम हेलनं काडीच काढून टाकली आणि गॅस तिरका सोडून रॉकेट स्वतःभोवती फिरवलं, भोवऱ्यासारखं. एवढा अस्सल इतिहास पदरात असताना काही लोकांना अजून वैमानिकशास्त्र नावाच्या, प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ग्रंथातली विमानं पाहिजेत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ तपासून सरळ लिहिलंय की तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत. ते फॉरवर्ड करत नाही कोणी.

मग बाटली कशाला? बाटलीलाही काम आहे. वारा नसेल तर शेपूट काही करू शकत नाही, आणि सुटताना रॉकेटचा वेग शून्य, म्हणजे वारा शून्य. ढोबळ मानानं सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेग येईपर्यंत पंखावर भरवसा ठेवता येत नाही. तोपर्यंत कोणीतरी धरून ठेवायला हवं. शौकीन मीटरभर गुळगुळीत सळई उभी करतात आणि रॉकेटला बारीक नळी चिकटवून त्यावरनं सोडतात. दिवाळीतल्या रॉकेटला बाटलीचा गळा तेवढा थोडासा आधार देतो. म्हणून बाटली जड घ्या, वाळू भरा, पण काडी मोडू नका.

आता मेल येतात त्याबद्दल. "सर, घरी साखरेचं इंजिन कसं करायचं?" मी सांगणार नाही, आणि भ्याडपणा म्हणून नाही. त्या मोटारीतला (रॉकेटच्या असल्या इंजिनाला मोटार म्हणतात) घन पदार्थ जितक्या पृष्ठभागावर जळतो तितका गॅस होतो, गॅसनं दाब वाढतो, आणि दाब वाढला की तो पदार्थ अजून वेगानं जळतो. हे चक्र जिथं थांबतं तिथं मोटार चालते. पण आत केसाएवढी चीर असली तर आग चिरेत शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो. काही मिश्रणांत पृष्ठभाग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. नळी दुपटीला टिकेल अशी केलेली, चौपटीला तिचे तुकडे होतात. चीर बाहेरनं दिसत नाही, आणि घरी वितळवून ओतलेल्या गोष्टीत चीर नाही हे सांगायला तुमच्याकडं काहीच साधन नसतं. सांगली जिल्ह्यात तासगावजवळ कवठेएकंदला दसऱ्याला शोभेच्या दारूचा केवढा मोठा सोहळा होतो, पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेली माणसं, तिथंही स्फोटात माणसं गेलीत. शिवाय १८८४ चा स्फोटक कायदा आहे, परवान्याचं काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडं, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडं आहे, गच्चीवरचा उद्योग त्यात बसत नाही.

अमेरिकेत १९५० च्या दशकात नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या बुटांच्या दुकानदारानं तयार, एकदाच वापरायची छोटी मोटार आणि पॅराशूटचं रॉकेट बनवलं, आणि पोरं तळघरात असले प्रयोग करून बोटं घालवत होती, म्हणून १९५७ पासून हॅरी स्टाइन यांनी ते चळवळीसारखं पसरवलं. तिथं मोटारीवर सी६-५ असं लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण ताकद, प्रत्येक अक्षराला वरची मर्यादा दुप्पट, सी म्हणजे १० न्यूटन-सेकंदापर्यंत. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटनचा जोर आणि ५ म्हणजे जळून झाल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट. याच छंदातनं वर वर जात शौकिनांच्या एका टीमनं मे २००४ मध्ये अवकाश जिथं सुरू होतं असं मानतात ती १०० किलोमीटरची रेषा ओलांडली, आणि २०२४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं रॉकेट १४३ किलोमीटरवर गेलं. पोरंच ती.

आपल्याला पाण्यावर भागवायला काही हरकत नाही, आणि पाणी काही कमी नाही. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली (कोल्ड्रिंकचीच, साध्या पाण्याची पातळ बाटली नको), एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपानं चार बार दाब. गळ्याचं भोक २२ मिलिमीटर धरा. जोर होतो दाब गुणिले भोकाचं क्षेत्रफळ गुणिले दोन, म्हणजे ३०० न्यूटन, जवळजवळ ३० किलोचं ढकलणं! पाणी सेकंदाला २८ मीटरनं बाहेर पडतं, ताशी १०० किलोमीटर, आणि सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपास सगळं संपतं. पाऊण किलोच्या बाटलीला पहिल्या क्षणी गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट धक्का बसतो. त्यामुळं पंप लांब नळीचा घ्या, बाटलीवर वाकून बघू नका.

सतरंजीवाल्या पोरांना मी रविवारी घेऊन गेलो, संगम माहुलीच्या अलीकडच्या मोकळ्या रानात. पहिली बाटली नुसती सोडली, ती तीन कोलांट्या मारून बांधावर आपटली. मग लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तीन पंख लावले आणि नाकात गणपतीची उरलेली शाडू माती मुठीएवढी ठासली. माझा पुतण्या म्हणाला, "काका, वजन वाढवल्यावर खाली जाईल ना?" मी म्हटलं गोफणीसारखी फिरव. फिरवली, नाक पुढं. सोडली तर सरळ वर, पाण्याचं शेपूट खाली तुटलं आणि बाटली आभाळात ठिपका झाली, मग परत खाली, नाक पुढं, थेट, मातीच्या मुठीसकट. आता त्यांना कळलंय की जे रॉकेट नाक पुढं करून वर जातं ते नाक पुढं करूनच खाली येतं. पुढच्या रविवारी पॅराशूट. काकूंनी जुनी छत्री दिलीय कापड काढायला, सतरंजी अजून विसरलेल्या नाहीत.