क्षेत्रकार्य : ठाणे–नवी मुंबईतील समाजकार्य शिक्षण

समाजकार्य विषयात पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) घेणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णालयात, संस्थेत, वस्तीत किंवा पाड्यावर प्रत्यक्ष काम करत व्यवसायाची तयारी करणे म्हणजे क्षेत्रकार्य. बोलताना सगळे त्याला ‘फिल्डवर्क’च म्हणतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आठवड्यातले साधारण दोन दिवस त्यासाठी राखलेले असतात. शिवाय एक ग्रामीण शिबिर असते आणि शेवटी सलग काही आठवड्यांचे ‘ब्लॉक’ काम. वर्गात सिद्धांत कळतात, पण समाजकार्यकर्ता घडतो तो क्षेत्रात, आणि खरे तर भेट संपल्यावर तिचा अहवाल लिहायला बसतो तेव्हा.

महाराष्ट्रात लोकांसाठी झटण्याची परंपरा जुनी आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. मात्र हे काम रीतसर शिकून करायचे असते, ही कल्पना देशात रुजली ती १९३६ मध्ये, नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले तेव्हा. क्लिफर्ड मॅनशार्ट या संस्थेचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) उभ्या राहिल्या. समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द अजूनही सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि नव्या विद्यार्थ्याची पहिली अडचण तिथेच असते. घरून निघताना तो ‘सेवा करायला’ निघतो. त्याला शिकायचे असते ते समोरच्याचा निर्णय समोरच्यालाच घेऊ देणे, त्यासाठी लागणारी माहिती, कागद आणि बळ त्याच्यापर्यंत पोचवणे, आणि हे करताना आपल्या मनातली कीव, घाई व पूर्वग्रह ओळखणे.

ठाणे आणि नवी मुंबईचा पट्टा या शिक्षणासाठी विलक्षण समृद्ध आहे. लोकलच्या एका पासावर विद्यार्थी मनोरुग्णालय, महापालिकेचे रुग्णालय, बालगृह, कारागृह, औद्योगिक वसाहत, घाऊक बाजार आणि खाडीकाठची आगरी-कोळी गावे गाठू शकतो. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर जायचे तर पुढे एसटी धरावी लागते, एवढेच. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि भातशेती, मिठागरे यांच्या जागी शहर उभे राहिले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात जे आंदोलन केले, त्यात पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना या लढ्यातून आली. सामाजिक कृती ही समाजकार्याची एक पद्धत म्हणून पुस्तकात दोन पानांत संपते. ज्यांच्या घरात तो लढा झाला त्या माणसांशी इथे ओटीवर बसून बोलता येते, आणि त्या दोन पानांचा अर्थ लागतो.

पहिल्या सत्राच्या सुरुवातीला परिचय भेटी होतात, मग प्रत्येकाला एक ठिकाण नेमून दिले जाते. तिथला अनुभवी कार्यकर्ता हा संस्थेचा पर्यवेक्षक आणि महाविद्यालयातला शिक्षक हा दुसरा. आठवड्याला शिक्षकाबरोबर एकट्याची बैठक (विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘आयसी’) आणि अधूनमधून सगळ्या गटाची (‘जीसी’) असा क्रम असतो. या बैठकांचा कच्चा माल म्हणजे अहवाल. त्यातला सर्वांत कसदार प्रकार म्हणजे प्रक्रिया-नोंद. मी काय म्हणालो, ती काय म्हणाली, त्या वेळी माझ्या मनात काय आले, हे त्यात ओळीओळीने लिहायचे असते.

एक नमुना पाहण्यासारखा आहे. रुग्णालयात पडून असलेल्या रोजंदारी मजुराच्या बायकोशी विद्यार्थिनी बोलते. बाई म्हणते, “आता पुढं कसं करायचं, ताई?” आणि पदर डोळ्यांना लावते. विद्यार्थिनीच्या नोंदीत पुढची ओळ असते, ‘मी तिला उपलब्ध योजनांची माहिती दिली.’ शिक्षिका त्या ओळीखाली रेघ मारून समासात लिहिते, “ती रडत होती तेव्हा तू काय केलंस?” पुढच्या बैठकीत विद्यार्थिनी सांगते, “मॅडम, मला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून मी फॉर्म काढला.” त्या वाक्यापासून शिक्षण सुरू होते. पुढच्या खेपेला ती बाकावर बाईशेजारी बसते, गप्प राहते, आणि मग कळते की शिधापत्रिका गावी सासऱ्यांकडे आहे, नवऱ्याचे नाव त्यातून केव्हाच कमी झाले आहे आणि बाईला पैशांपेक्षा घरी एकट्या असलेल्या मुलीची चिंता जास्त आहे. योजनेची माहिती चुकीची नव्हती. ती फक्त लवकर आली होती.

अशा कामासाठी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असते. भारतात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची पहिली नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे या क्षेत्राचे मोठे ठिकाण. १९०१ पासून चालत आलेले ठाण्याचे मनोरुग्णालय वेगळाच धडा देते. बरे झालेले, पण न्यायला कोणी न आलेले रुग्ण हा सगळ्याच मनोरुग्णालयांतला जुना, दुखरा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की, घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कायद्याचे हे कलम पाठ करायला एक मिनिट लागते. जुन्या केसपेपरवरचा अर्धवट पत्ता, रुग्णाच्या बोलण्यात येणारे एखाद्या नदीचे किंवा देवळाचे नाव, त्या भागातल्या पोलीस ठाण्याला केलेले फोन, आणि अखेर फोनवर आलेल्या भावाला “लगेच न्या” असे न म्हणता आधी त्याची भीती ऐकून घेणे, हे शिकायला वर्ष लागते.

वस्तीतले काम रुग्णालयापेक्षा मोकळे आणि म्हणून अवघड. तिथे टेबल नाही, वेळापत्रक नाही, ‘केस’ आपणहून येत नाही. तुर्भे, दिघा, रबाळे भागांत औद्योगिक पट्ट्याला लागून वस्त्या आहेत. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात माथाडी कामगार आहेत. या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतंत्र कायदा केला, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे. भाजीबाजाराचे मुख्य काम पहाटेच्या अंधारात होते. दुपारी दोनला वही घेऊन जाणाऱ्याला पाटीवर डोके टेकून झोपलेली माणसे दिसतात आणि तो ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असे लिहून परततो. वेळ लोकांची धरायची, आपली नव्हे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

मजूर नाक्यावरही तसेच. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बाईला तो कोण देणार? भटक्या-विमुक्त कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा जमवावा लागतो. पालात राहणाऱ्या आजोबांकडे कागद कुठला असणार? गावातल्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात एखाद्या चुलत्याचे नाव सापडते का, इथपासून शोध सुरू होतो. समाजकार्याचा मोठा भाग असा कागदाच्या मागे धावण्यात जातो, आणि त्याला कमी लेखू नये. मिळालेल्या एका दाखल्यावर मुलीची शिष्यवृत्ती उभी राहते.

ग्रामीण शिबिरासाठी शहापूर, मुरबाड हे तालुके सोयीचे पडतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी १९८२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांना श्रमजीवी संघटना उभी करावी लागली, ती याच प्रश्नावर. हिवाळ्यात शिबिराला गेलेल्या मुलांना पाड्यावर बंद दारे दिसतात. ‘लोक उदासीन आहेत’ असा निष्कर्ष काढण्याआधी ती माणसे कुठे गेली हे विचारावे, हा या शिबिराचा खरा गृहपाठ.

पदवीनंतर परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, संरक्षण अधिकारी, समुपदेशक, महापालिकेत समूह संघटक किंवा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागात नोकरी मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के हिस्सा सामाजिक कामावर खर्च करणे लागू केल्यापासून हा शेवटचा मार्ग रुंदावला. बरीच पदे कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पदही जाते, आणि माणसांशी जुळलेला धागा अर्ध्यावर तुटतो. वकील किंवा परिचारिका यांच्यासारखी सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी वैधानिक परिषद देशात नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात वैद्यकीय, मनोविकार व चिकित्सालयीन समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही त्या दिशेची एक पायरी. बाकीच्यांना मान्यता मिळत नाही तोवर या शिक्षणाची प्रत महाविद्यालयातल्या पर्यवेक्षकाच्या सचोटीवर अवलंबून राहते, आणि एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत यावरही.

क्षेत्रकार्याचा शेवटचा टप्पा निरोपाचा. बालगृहातल्या मुलाला आधीच खूप जण न सांगता सोडून गेलेले असतात, म्हणून “मार्चनंतर मी येणार नाही” हे त्याला निदान महिनाभर आधी सांगावे, पुन्हा पुन्हा सांगावे, आणि तो रागावला तर रागावू द्यावे, असे शिकवले जाते. निघताना पुढच्या विद्यार्थ्यासाठी हस्तांतरणाचे टिपण लिहायचे असते. चांगल्या टिपणात आकडे थोडे असतात. कोणत्या घरात रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असतो, कोणत्या मावशींना आधी विचारल्याशिवाय गल्लीतल्या बायका बैठकीला येत नाहीत, कोणाचा अर्ज तहसीलमध्ये कोणत्या तारखेपासून पडून आहे आणि कोणता मुलगा नावाने हाक मारल्याशिवाय जवळ येत नाही, हे त्यात लिहिलेले असते.