शीर फुगते ती पट्ट्याच्या खाली

रक्त तपासायला लॅबमध्ये बसलो की दंडावर रबरी पट्टा आवळला जातो, "मूठ वळा" असे फर्मान सुटते आणि कोपराच्या खळगीत निळसर शीर टरारून वर येते. पट्ट्याच्या वर नव्हे, खाली. रक्त हृदयाकडून हाताकडे येते एवढेच खरे असते, तर ते पट्ट्याच्या वर तुंबायला हवे होते. या साध्या गोष्टीचा अर्थ लावायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.

घोटाळ्याचे मूळ मढ्यात आहे. माणूस गेला की रोहिण्यांची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमन्यांची, जाड, लवचिक भिंत आकसते आणि आतले बरेचसे रक्त पुढे नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या शिरांमध्ये, सरकते. शव उघडावे तर नीला भरलेल्या आणि रोहिण्या जवळपास रिकाम्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या एरासिस्ट्रॅटस या वैद्याने यावरून ठरवून टाकले की रोहिण्यांत हवाच असते. मग जिवंत माणसाची रोहिणी कापली की रक्ताची चिळकांडी कशी उडते? त्याचे उत्तर तयार होते: आतली हवा निसटते आणि ती जागा भरायला शेजारच्या नीलांतले रक्त बारीक वाटांनी आत धावते. उत्तर चुकीचे होते, पण त्यातल्या त्या 'बारीक वाटा' पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आपल्या 'धमनी' शब्दातही हवाच आहे. 'धम्' म्हणजे फुंकणे. सुश्रुतसंहितेत 700 शिरा आणि 24 धमन्या मोजल्या आहेत आणि त्यांचे मूळ नाभीत सांगितले आहे. नाळेवर पोसलेले बाळ पाहणाऱ्याला ते सुचणे साहजिकच होते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत जनावराची रोहिणी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग चिरला. आत रक्त निघाले. हवेचा प्रश्न मिटला, पण गॅलेनने त्याहून टिकाऊ चूक मागे ठेवली. त्याच्या मते अन्नापासून यकृत रक्त बनवते, नीला ते अंगभर पोचवतात आणि पाटाचे पाणी वाफ्यात मुरावे तसे ते शरीरात मुरून संपते. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. ही छिद्रे कोणी पाहिलेली नव्हती, पण गॅलेन म्हणाला म्हणून ती होती.

कैरोत राहणाऱ्या इब्न अल-नफीस या वैद्याने 1242 च्या सुमारास स्पष्ट लिहिले की पडदा भरीव आहे, त्यात छिद्रे नाहीत. रक्त उजव्या बाजूने फुप्फुसात जाते आणि तिथून डावीकडे येते. युरोपातल्या अभ्यासकांना त्याच्या या लिखाणाची ओळख पटली ती 1924 मध्ये, बर्लिनमधल्या एका हस्तलिखितावरून. मधल्या काळात स्पेनच्या सर्व्हेटसने 1553 मध्ये आणि इटलीच्या कोलोंबोने 1559 मध्ये हेच पुन्हा मांडले. सर्व्हेटसला 1553 मध्येच जिनिव्हात जिवंत जाळले. कारण रक्ताचे नव्हते, धर्मशास्त्राचे होते.

आता इटलीतले पादुआ. तिथल्या फॅब्रिशियसने नीलांमधल्या झडपांवर 1603 मध्ये पुस्तक छापले आणि त्यांना 'छोटी दारे' म्हटले. दारे दिसली, पण ती कुठल्या बाजूला उघडतात याचा अर्थ त्याला लागला नाही. रक्त सगळे पायात साचू नये म्हणून हे बांध आहेत, असे त्याला वाटले. त्याच्याच हाताखाली शिकून 1602 मध्ये पदवी घेऊन गेलेल्या इंग्रज विल्यम हार्वेला ते पटेना. मानेतल्या नीलेची झडपसुद्धा हृदयाच्या दिशेनेच उघडते. तिथे पायाचा संबंध काय?

हार्वेचा सगळ्यात जोरकस पुरावा मात्र अंकगणिताचा होता. त्याने मुद्दाम कमी धरले: एका ठोक्याला अर्धा औंस रक्त, अर्ध्या तासात हजार ठोके. तरी 500 औंस झाले, म्हणजे सुमारे 14 किलो. अख्ख्या अंगात एवढे रक्त नसते आणि खाल्लेल्या अन्नातून ते अर्ध्या तासात बनणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. (आज आपल्याला माहीत आहे की स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुढे ढकलते. हार्वेचा हिशेब फारच सोशिक होता.)

दुसरा पुरावा आपल्या हातावर करून पाहता येतो. दंडाला फडके बेताने बांधा. खोलवरच्या रोहिणीतून रक्त हातात येत राहते, पण वरवरच्या नीला दाबल्या गेल्याने परत जाऊ शकत नाही. म्हणून फुगवटा खाली. फुगलेल्या शिरेवर मध्येमध्ये गाठींसारखे उंचवटे दिसतात, त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, झडपेच्या पलीकडे सारा. मधला तुकडा सपाट पडतो आणि वरून भरत नाही. पहिले बोट उचलले की खालून क्षणात भरतो.

हे सारे 1628 मध्ये फ्रँकफर्टला लॅटिनमध्ये छापले गेले. एक दुवा मात्र राहिला: रोहिणीतले रक्त नीलेत जाते कुठून? हार्वेने वाटा असल्या पाहिजेत असे मानले, पण त्या पाहिल्या नाहीत. 1657 मध्ये तो गेला. चारच वर्षांनी, 1661 मध्ये, बोलोन्याच्या माल्पिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि केशवाहिन्यांचे जाळे दिसले. माल्पिगीचा जन्म 1628 चा, हा योगायोगच. या वाहिन्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना एकेरी रांगेत, कधी अंग चोरून जावे लागते.

पुढे, 1733 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात, इंग्रज पाद्री स्टीफन हेल्सने एका घोडीच्या रोहिणीला काचेची नळी जोडली, रक्त आठ फुटांहून वर चढले आणि रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला.

तरी रक्तवाहिनी म्हणजे नळ, ही समजूत बराच काळ टिकली. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीवर प्रयोग करत. ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकले की तुकडा कधी आकसे, कधी सैल पडे. 1980 मध्ये त्यांनी कारण छापले: तुकडे कापताना आतले एका पेशीच्या जाडीचे अस्तर नकळत घासले जात होते. अस्तर शाबूत असेल तरच वाहिनी सैलावते, कारण तेच स्नायूला तसा निरोप पाठवते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला आणि त्यासाठी 1998 चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.