हिऱ्याची निवड : रंग आणि कट

हिऱ्याची किंमत वजन, रंग, निर्मळपणा आणि कट, म्हणजे पैलूंची घडण, या चार गोष्टींवर ठरते. हातातली रक्कम ठरलेली असली की रंग आणि कट यांची ओढाताण सुरू होते, कारण एकात वर चढायचे तर दुसऱ्यात खाली यावे लागते. गोल ब्रिलियंट आकाराचा, एक-दीड कॅरटपर्यंतचा हिरा घेणाऱ्याने आधी कट पाहावा आणि रंगात दोन-तीन पायऱ्या खाली यायला कचरू नये. आकार बदलला की मात्र उत्तरही बदलते.

रंग हा खड्याचा जन्मजात गुण. कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू शिरले की निळा प्रकाश शोषला जातो आणि हिऱ्यावर पिवळसर झाक येते. ही झाक सांगण्यासाठी अमेरिकेतील जीआयए या रत्नपारखीच्या संस्थेने १९५० च्या दशकात डी ते झेड अशी श्रेणी रूढ केली. डी, ई, एफ हे रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन. के पासून पुढे झाक हळूहळू नजरेत भरू लागते.

श्रेणी लावताना हिरा पालथा ठेवतात आणि नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून ताडून पाहतात. सुलटा हिरा इतका चमकतो की झाक त्या चमकेत बुडून जाते. व्यापारी याच कारणाने खड्यावर तोंडाची वाफ सोडतात. क्षणभर चमक मरते आणि अंगचा रंग दिसतो. हिऱ्याच्या पुडीत आतून बहुधा निळसर कागद असतो, त्यावर किंचित पिवळा खडाही पांढरा भासतो. म्हणून जाणता माणूस तो साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा धरून खिडकीशी नेतो. जी आणि एच यांतला फरक कळायला एवढी खटपट लागते. अंगठीत बसवलेल्या, हाताबरोबर हलणाऱ्या हिऱ्यात तो समोरच्याला दिसत नाही.

कट पूर्णपणे माणसाच्या हातचा. दुकानात अनेकजण कट म्हणजे आकार समजतात. पारखीच्या भाषेत मात्र पैलूंचे कोन, त्यांची प्रमाणे आणि कामाची सफाई म्हणजे कट. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, तळाच्या टोकाला बारीक पैलू दिला तर ५८. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, त्यामुळे आतून पैलूवर साधारण साडेचोवीस अंशांहून अधिक तिरपा आदळलेला प्रकाश बाहेर न पडता परत फिरतो. खालच्या भागाचे, म्हणजे सुरतेतले कारागीर ज्याला तळिया म्हणतात त्याचे, कोन नीट साधले तर वरून शिरलेला प्रकाश दोनदा उलटून पुन्हा वरूनच डोळ्यांत येतो. तळिया उथळ झाला तर टेबलाच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पैलूच्या, आत कमरेचे, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेचे, पांढरट कडे उमटते आणि हिरा माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज दिसतो. फार खोल झाला तर मधोमध काळोख साचतो. हिरे घडवणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने मांडलेली प्रमाणे अशी होती : तळिया ४०.७५ अंश, मथाळा, म्हणजे कमरेवरचा भाग, ३४.५ अंश, टेबल व्यासाच्या ५३ टक्के. आज ती जशीच्या तशी कुणी पाळत नाही, तरी चांगला गोल हिरा त्यांच्या आसपासच असतो.

हे ठाऊक असूनही कट बिघडतो तो वजनाच्या मोहाने. ९० सेंटचा (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) खडा आणि पूर्ण एक कॅरटचा खडा यांच्या भावात मोठी उडी असते. मग कारागिराला कंबर जाड ठेवायला, तळिया खोल ठेवायला सांगितले जाते. चांगला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर रुंद असतो; असा पोट सुटलेला हिरा वरून ९० सेंटएवढाच, ६.२ च्या घरात दिसतो. गिऱ्हाईक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजते. मला हा व्यवहार गिऱ्हाइकावर अन्याय करणारा वाटतो.

भावाची रचनाही रंगाला झुकते माप देते. १९७८ पासून निघणाऱ्या रॅपापोर्टच्या भावपत्रकात, ज्याला बाजारात नुसते रॅप म्हणतात, वजनाच्या गटांत एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला निर्मळपणा असे कोष्टक असते. कटसाठी त्यात रकाना नाही; तो सौद्यात, सवलतीच्या टक्क्यांत मोजला जातो. जीआयएनेही गोल हिऱ्यांना कटची श्रेणी द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली, रंगानंतर अर्ध्या शतकाने. बदाम, अंडाकृती, चौकोनी अशा आकारांच्या प्रमाणपत्रांवर तिची कटश्रेणी नसते. तिथे खडा डोळ्यांनीच पाहावा लागतो.

नुसता रंग किती कामाचा, याचा मोठा दाखला कोहिनूरचा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो पाहायला लोटलेली गर्दी निराश होऊन परतली. खड्याच्या रंगात खोट नव्हती. जुन्या हिंदी घडणीत वजन राखण्याला मान होता आणि काचेच्या मंडपात तो खडा मंदच दिसला. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले. सुमारे १९१ मेट्रिक कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला. वारसा म्हणून ती हानी कायमची आहे. प्रकाशासाठी किती वजन मोजावे लागते हेही त्यातून कळते.

उलट बाजूला, म्हणजे रंग मोलाचा ठरतो तिथे, नाशिकचा हिरा. परंपरेनुसार तो त्र्यंबकेश्वरच्या शिवाचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. लंडनमध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले आणि १९४० मध्ये अमेरिकेतले जवाहिर हॅरी विन्स्टन यांनी तो एमराल्ड कटमध्ये ४३.३८ कॅरटचा करून घेतला. या आकारात पायऱ्यांसारखे लांब, सपाट पैलू असतात. ठिणग्या कमी, आरपार दिसणे जास्त, त्यामुळे पिवळेपणा लपत नाही. असा आकार, मोठे वजन किंवा प्लॅटिनमची कोंदणे असतील तर रंगावर पैसे खर्च करणे योग्य. पिवळ्या सोन्यात जे किंवा के रंगाचा नीट पैलू पाडलेला हिरा सुखाने नांदतो. आणि गर्द पिवळा, गुलाबी, निळा अशा रंगीत हिऱ्यांत तर रंगच मुख्य. तिथे रंग गडद दिसावा म्हणून कट त्याच्या सोयीने वाकवतात.

आपल्याकडच्या कुड्यांचा हिशेब आणखी वेगळा. मध्ये एक आणि भोवती सहा अशा सात हिऱ्यांत रंगाची श्रेणी वरची असण्यापेक्षा सातांचा रंग एक असणे महत्त्वाचे. एक खडा पिवळसर निघाला तर नजर नेमकी तिथेच जाते. त्याचबरोबर खडे फुल कट (५७-५८ पैलूंचे) आहेत की सिंगल कट, हे विचारून घ्यावे. सिंगल कटला १७-१८ च पैलू असतात आणि त्याची चमक ठळक पण मोजकी. दुकानातल्या झोतदिव्यांखाली दोन्ही सारखेच लखलखतात. कुडी सावलीत, दाराशी नेऊन कानाच्या अंतरावरून पाहिली की फरक दिसतो.