महिला स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप नेमकी कोणती? थोडी पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं दोह्याला हाँगकाँगच्या एन्ग ऑन यी ला 3-2 नी हरवलं आणि आयबीएसएफची (ॲमॅच्युअर स्नूकरची जागतिक संघटना) महिला वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप जिंकली, भारतातली पहिलीच मुलगी. पुण्यात बऱ्याच जणांनी बातमी वाचली आणि लगेच विचारायला लागले की मग ती इंग्लंडवाली वर्ल्ड चॅम्पियनशिप कुठली? प्रश्न बरोबर आहे, कारण स्पर्धा दोन आहेत आणि दोघींचा इतिहास वेगवेगळा आहे.

जुनी आहे ती इंग्लंडमधली. 1976 ला मिडल्सब्रोला सुरू झाली, व्हेरा सेल्बी जिंकली, 1981 ला परत तीच जिंकली आणि तेव्हा तिचं वय पन्नाशीच्या पुढं होतं. पुढं ॲलिसन फिशरनं सात वेळा आणि रीऐन एव्हान्सनं बारा वेळा ती स्पर्धा मारली.

आता आयबीएसएफवाली. पुरुषांची ॲमॅच्युअर वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप पहिल्यांदा झाली 1963 ला आपल्याच कलकत्त्यात, आणि बायकांची कधी, तर 2003 ला चीनमधल्या जियांगमेनला. मध्ये चाळीस वर्षं गेली! ज्या देशात हा खेळ जन्मला (1875 च्या सुमाराला जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये) तिथल्या क्लबांच्या बिलियर्ड रूम म्हणजे पुरुषांचा अड्डा, बायका आत यायच्याच नाहीत, तर स्पर्धा कुणाची घेणार. मला हे खरंच लागतं, कारण ॲमॅच्युअर खेळात भारत कायम पुढं होता, 1958 ला वर्ल्ड ॲमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकून देशाला पहिला वर्ल्ड चॅम्पियन देणारे विल्सन जोन्स तर जन्मानं पुण्याचे.

2003 हे सालही बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये स्नूकर बराचसा सिगारेट कंपन्यांच्या स्पॉन्सरशिपवर चालायचा, ती बंद व्हायची वेळ आली आणि प्रोफेशनल संघटनेनं महिला टूरवरचा हात काढून घेतला, 2004 ला तर तिकडची महिला वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीच नाही. नेमकं त्याच सुमाराला आयबीएसएफनं आपली सुरू केली. जियांगमेनला पहिली जिंकली इंग्लंडची केली फिशर, आणि नंतर तीच केली पैशासाठी पूल (छोट्या टेबलावरचा तसाच खेळ) खेळायला अमेरिकेला निघून गेली. (त्याच जियांगमेनला अठरा वर्षांच्या पंकज अडवाणीनं पुरुषांचं टायटल घेतलं, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.)

त्यानंतर एव्हान्स, मग 2009 ला हैदराबादला आणि 2010 ला दमास्कसला एन्ग ऑन यी, आणि 2012 पासून बेल्जियमची वेंडी यान्स ओळीनं, तिला कोणी हलवूच शकत नव्हतं. 2016 ला दोह्यात फायनलपर्यंत पोचून तिच्याकडून हरली ती आपली इंदूरची अमी कमानी. पुढच्या वर्षी सिंगापूरला त्या दुसऱ्या, म्हणजे इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपली विद्या पिल्लई फायनलला 6-5 नी हरली, एका फ्रेमनं, म्हणजे एका डावानं. म्हणजे अनुपमाच्या आधी दोघी अगदी दारापर्यंत जाऊन आल्या होत्या.

"ॲमॅच्युअर" म्हणजे हौशी, कच्च्या, असं मात्र समजू नका. टेबल तेच बारा बाय सहा फुटांचं, रेड (लाल बॉल) त्याच पंधरा, त्याच खिशांत घालायच्या. एव्हान्स आणि एन्ग ऑन यी ला तर 2021 ला प्रोफेशनल टूरचं कार्ड, म्हणजे तिथं खेळायचा हक्क, मिळालं.

अडचण येते ती टेबल मिळण्याची. पुण्यात चांगली टेबलं बरीचशी जिमखान्यांत आणि क्लबांत, म्हणजे मेंबरशिप पाहिजे, नाहीतर मग तासावर पैसे घेणारी पार्लर, कुठं बेसमेंटला नाहीतर दुकानांच्या वरच्या मजल्यावर, आणि तिथं संध्याकाळी एकटी मुलगी क्यू घेऊन आली की आजही चार माना वळतात. त्यात पावसाळ्यात कापड दमट होतं, बॉल जड पळतो, मार्करनं (टेबल सांभाळणाऱ्यानं) बॉकपासून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकापासून, काळ्या बॉलच्या टोकाकडं नीट ब्रश मारून इस्त्री फिरवली नसेल तर हळू मारलेला बॉल शेवटच्या फुटात वळतो. असल्या टेबलवर सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल मिळू नये असं खेळणं) शिकायची म्हणजे तासन् तास लागतात, आणि ते तास मुलींना मिळत नाहीत. काही क्लबांनी दुपारचे रिकामे स्लॉट मुलींना दिले तरी खूप फरक पडेल असं मला वाटतं, टेबल तसंही तेव्हा झाकूनच ठेवलेलं असतं. कारण दोह्याचा रस्ता शेवटी राज्य स्पर्धेतूनच जातो, तिथून नॅशनल, आणि नॅशनलला वरचा नंबर आला तर आयबीएसएफसाठी भारताच्या टीममध्ये नाव.