मोठ्या अक्षरातली पुस्तकं (लार्ज प्रिंट)

लार्ज प्रिंट म्हणजे तेच पुस्तक, पण मोठ्या टाइपात. संक्षिप्त आवृत्ती नव्हे, एक ओळही गाळलेली नसते (हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो). साधं पुस्तक साधारण १० ते १२ पॉइंटात छापतात, हे किमान १६, बऱ्याचदा १८ (पॉइंट हे टाइपाच्या उंचीचं माप, ७२ पॉइंट म्हणजे १ इंच). डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला की चष्म्याचा नंबर कितीही बदलून घ्या, बारीक अक्षर लागत नाही ते नाहीच, अशांना याचा खरा उपयोग.

आत्ताच्या स्वरूपातला हा धंदा सुरू झाला इंग्लंडात. १९६४ साली लेस्टरला फ्रेडरिक थॉर्प या रिटायर झालेल्या प्रकाशकानं अल्व्हरस्क्रॉफ्ट नावानं अशी पुस्तकं काढली, मुख्य गिऱ्हाईक लायब्ररी. सुरुवातीची पुस्तकं आकारानंच एवढी मोठी आणि जड की म्हाताऱ्या माणसांना उचलवेनात, मग १९६९ च्या सुमारास नेहमीच्या आकारात १६ पॉइंट बसवलं.

जुन्या अभिजात कादंबऱ्या यात सोयीच्या, कारण कॉपीराइट संपलेला, परवानगीची भानगड नाही. पण डिकन्स किंवा टॉलस्टॉय घेतला की टाइप वाढवल्यावर पानं एवढी फुगतात की दोन-तीन खंड करावे लागतात, आणि ज्याचे डोळे गेले त्याची मनगटंही बहुतेक वेळा दुखतच असतात. शिवाय नुसतं झेरॉक्सवर मोठं करून भागत नाही. अक्षर जरा जाड हवं, दोन ओळींत मोकळी जागा हवी, कागद चकचकीत नको आणि मागच्या पानाचं छापील पुढं दिसायला नको.

देवनागरीत तर अजून पंचाईत. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, या सगळ्याला जागा देताना मधलं अक्षर बारीक होतं, त्यामुळं १६ पॉइंटची मराठी १६ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा लहानच वाटते.

आणि गंमत म्हणजे नाव माहीत नसलं तरी आपल्याकडं हा प्रकार घरोघरी होताच की. गुरुचरित्र, हरिविजय यांच्या मोठ्या टाइपातल्या आडव्या पोथ्या आठवा, सुटी पानं, समोर पाटावर ठेवायची, वाचून झालं की पान उलटून बाजूला, हातात धरायचा प्रश्नच नाही. वजनाचं जे दुखणं वर सांगितलं ते इथं मुळातच नाही! गोरखपूरच्या गीता प्रेसचं मोठ्या टाइपातलं रामचरितमानसही त्याच जातीचं. पण हे सगळं पारायणाच्या ग्रंथांपुरतं. कादंबरी वाचायची असली तर आजी-आजोबांनी काय, भिंग घ्यायचं, नाहीतर नातवाकडून टॅबवर फॉन्ट वाढवून घ्यायचा.