कॅस्पियन समुद्राच्या वाटणीचा वाद

कॅस्पियन म्हणजे चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, जवळपास 3.7 लाख चौरस किलोमीटरचा खारट पाण्याचा साठा, आणि तळाखाली भरपूर तेल नि गॅस. काठावर रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण, अझरबैजान हे 5 देश. 1991 पर्यंत दोनच होते, सोव्हिएत युनियन आणि इराण, त्यांचे 1921 आणि 1940 चे करार होते पण त्यात जहाजं आणि मासेमारीचंच ठरलेलं, तळ कुणाचा हे कुठेच लिहिलेलं नाही. सोव्हिएत युनियन फुटलं, दोनाचे पाच वाटेकरी झाले आणि भाऊबंदकी सुरू झाली.

मुळात हा समुद्र की तलाव, इथेच गाडी अडली. समुद्र धरला तर 1982 चा आंतरराष्ट्रीय सागरी कायदा, तलाव धरला तर आपसात बसून ठरवायचं. मध्यरेषा, म्हणजे समोरासमोरच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची रेषा, काढून वाटलं तर ज्याचा किनारा मोठा त्याला जास्त मिळतं, त्यात इराणच्या पदरात 11 ते 13 टक्क्यांच्या आसपासच पडतं, म्हणून इराण सरळ पाचवा हिस्सा, 20 टक्के मागत आला.

जुलै 2001 मध्ये तर बीपी या ब्रिटिश तेल कंपनीसाठी सर्व्हे करणारी अझरबैजानची जहाजं इराणच्या युद्धनौकेने हुसकावून लावली, ती ज्या तेलाच्या फील्डवर होती त्याला अझरबैजान अलोव म्हणतो आणि इराण अल्बोर्झ, म्हणजे नावावरही एकमत नाही! उत्तरेकडे मात्र रशिया, कझाकस्तान, अझरबैजान यांनी 1998 ते 2003 मध्ये तळ वाटून घेतला आणि वरचं पाणी सामाईक ठेवलं, मला ही सगळ्यात शहाणपणाची तोड वाटते.

12 ऑगस्ट 2018 ला कझाकस्तानातल्या अक्ताऊला पाचही देशांनी करारावर सह्या केल्या. किनाऱ्यापासून 15 सागरी मैल ज्याचे त्याचे, पुढचे 10 मैल मासेमारीला, बाकी पाणी सगळ्यांचं, बाहेरच्या देशांच्या फौजा नकोत. तळाचं मात्र शेजाऱ्यांनी आपसात मिटवायचं, म्हणजे दक्षिणेचं खरं भांडण तसंच राहिलं, आणि इराणने मंजुरी दिली नसल्याने करार अजून लागूही नाही. अझरबैजान-तुर्कमेनिस्तानने 2021 मध्ये वादातलं एक फील्ड मिळून वापरायचं ठरवलं, त्याला नाव दिलं दोस्तलुग, म्हणजे दोस्ती.

त्यात आता पाणीच उतरतंय. उत्तरेला खोली सरासरी 5 मीटरच आहे, थोडं पाणी कमी झालं तरी काठ खूप लांब सरकतो, मग ते 15 मैल कुठल्या काठापासून मोजायचे?