दक्षिण आफ्रिकेतील शिकार सफारी : कर, शुल्क आणि परवान्यांचे अर्ज नेमके कुठे अडतात

दक्षिण आफ्रिकेत शिकारीसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याला आउटफिटरकडून, म्हणजे शिकार सफारी आयोजित करणाऱ्या व्यावसायिकाकडून, जे कोटेशन मिळते, त्यात चार निरनिराळ्या ठिकाणी जाणारे पैसे बहुधा एकाच बेरजेत मांडलेले असतात, आणि पुढचे बरेचसे गैरसमज त्या बेरजेतूनच सुरू होतात. डेली रेट (मुक्काम व सेवांचा दिवसाचा दर) आउटफिटरचा असतो, ट्रॉफी फी (शिकार केलेल्या प्राण्यामागे द्यायची रक्कम) मुख्यतः जमीनमालकाकडे जाते, परवान्याचे शुल्क प्रांत सरकारकडे जमा होते आणि व्हॅट राष्ट्रीय तिजोरीत जातो. कोणता पैसा कोणाकडे गेला हे ठाऊक असल्याशिवाय परतावा कोणाकडे मागायचा हेही कळत नाही. त्यामुळे कोटेशन हाती पडताच या चारही रकमा वेगळ्या लिहून मागाव्यात.

या देशात ट्रॉफी फी सरकारी का नाही, असा प्रश्न टांझानियाचे दर पाहून आलेल्यांना हमखास पडतो. १९९१ च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार, पुरेसे कुंपण असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांवर जमीनमालकाची मालकी कायम राहते, अगदी प्राणी कुंपणाबाहेर निसटला तरीही. म्हणून कुडू किंवा इम्पाला या हरणवर्गीय प्राण्यांची किंमत इथे मालक आणि बाजार ठरवतात. टांझानियात वन्य प्राणी सरकारी मालकीचे आहेत. तेथे प्राण्यामागे आकारली जाणारी रक्कम, दिवसामागचे संवर्धन शुल्क आणि परवान्याचे पैसे हे सगळे सरकारी दरपत्रकाने ठरते, आणि १ जुलै २०१६ पासून पर्यटन सेवांवर १८ टक्के व्हॅटही लागू झाला. सरकारने दर वाढवला की तिथल्या आउटफिटरला फक्त स्वतःच्या नफ्यातूनच सूट देता येते. दक्षिण आफ्रिकेतील कुंपणाच्या आतली छोटी, आठवड्याभराची शिकार तुलनेने स्वस्त पडते याचे एक मोठे कारण हेच आहे.

पात्रतेचा भाग सोपा आहे. परदेशी व्यक्तीला संबंधित प्रांताचा परवाना असलेल्या आउटफिटरमार्फतच शिकार करावी लागते आणि शिकारीच्या वेळी परवानाधारक प्रोफेशनल हंटर (मार्गदर्शक शिकारी) सोबत असावा लागतो. शिकार सुरू होण्याआधी दर नमूद केलेला लेखी करार झालेला हवा. एका प्रांताचा परवाना दुसऱ्या प्रांतात आपोआप चालत नाही, म्हणून लिम्पोपोतली सफारी ऐनवेळी दुसऱ्या प्रांतात हलवण्याचा प्रस्ताव आला तर आधी परवाना पाहण्यास मागावा. जखमी होऊन हाती न लागलेल्या प्राण्याचेही पूर्ण पैसे द्यावे लागतात, हे कलम बहुतेक करारांत असते आणि ते वाचले जात नाही.

आता व्हॅट. दर १५ टक्के आहे. समजा डेली रेट ४०० डॉलर आणि मुक्काम ७ दिवसांचा असेल, तर २,८०० डॉलरवर ४२० डॉलर व्हॅट होतो, आणि कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘व्हॅट वेगळा’ असे लिहिलेले असले तर ही रक्कम शेवटच्या बिलातच दिसते. परतताना जोहान्सबर्गच्या विमानतळावर हा कर परत मिळेल, अशी समजूत इतकी पक्की झालेली आहे की तिथल्या काउंटरवर निराश होणाऱ्यांना पाहून वाईट वाटते. पर्यटकांसाठीची परतावा योजना केवळ वस्तूंसाठी आहे : कर पावतीवरील रक्कम किमान २५० रँड असावी, वस्तू पावतीच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत देशाबाहेर जावी आणि तपासणीच्या वेळी ती समोर ठेवता यावी. मुक्काम, मार्गदर्शन, वाहन आणि जेवण या सेवा आहेत. त्यांचा उपभोग देशातच झालेला असतो, म्हणून त्यांच्यावरचा व्हॅट परत मिळत नाही. दुकानातून घेतलेल्या वस्तूची पावती ५,००० रँडच्या वर असेल तर तीवर खरेदीदाराचे नाव आणि पत्ता हवा. तो नसेल तर तो अर्जही अडतो.

२०२५ मध्ये या गोंधळात आणखी भर पडली. १ मेपासून व्हॅट १५.५ टक्के होणार असे जाहीर झाले आणि २४ एप्रिलला तो निर्णय मागे घेण्यात आला. मधल्या काळात दिलेली काही कोटेशने वाढीव दराने काढलेली असू शकतात. ज्यांनी तेव्हा आगाऊ रक्कम भरली, त्यांनी अंतिम बिलातला दर स्वतः तपासावा, कारण अर्धा टक्का परत करण्याचे स्मरण कोणी आपणहून करून देत नाही.

सर्वाधिक नकार मिळतात ते स्वतःची रायफल आणणाऱ्यांना. तात्पुरत्या आयातीचा अर्ज एसएपीएस (दक्षिण आफ्रिकेची पोलीस सेवा) ५२० या फॉर्मवर करायचा असतो, तो पोलिसांकडे द्यायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. ‘बंदूक परवाना फी’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर ते अर्जासाठी मदत करण्याचे पैसे आहेत, सरकारचे नव्हेत. अर्ज काळ्या शाईने भरावा आणि सही मात्र अधिकाऱ्यासमोरच करावी, कारण घरून सही करून आणलेला फॉर्म परत केला जातो. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचे तिकीट, आउटफिटरचे निमंत्रणपत्र, येण्याचे कारण सांगणारे अर्जदाराचे पत्र आणि मालकीचा पुरावा जोडावा. आधीच अर्ज पाठवायचा असेल तर तो आगमनाच्या किमान २१ दिवस अगोदर पोहोचला पाहिजे; टपालात टाकल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. वय २१ पूर्ण हवे, एका कॅलिबरची एकच बंदूक चालते आणि एका बंदुकीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे. बंदुकीवर कोरलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक खास इशारा. मालकीचा पुरावा म्हणून तिथल्या कस्टम्सचा ४४५७ क्रमांकाचा फॉर्म वापरला जातो आणि त्याच्या कोपऱ्यात एक मुदत छापलेली असते. ती मुदत त्या छापील नमुन्याची आहे, नोंदणीची नाही. तरीही दक्षिण आफ्रिकेतील पोलिसांनी ती तारीख उलटलेली पाहून फॉर्म नाकारल्याचे प्रकार घडलेले आहेत. या वादात वेळ घालवण्यापेक्षा प्रवासाआधी ताज्या आवृत्तीवर नवीन शिक्का घेणे शहाणपणाचे. मुळात आउटफिटरची रायफल त्याच्या देखरेखीखाली वापरली तर या अर्जाची गरजच उरत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने तो मार्ग धरावा असे माझे मत आहे.

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा यांसारख्या संकटग्रस्त व संरक्षित प्रजातींसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो गोळी झाडण्यापूर्वी हातात असला पाहिजे. ‘अर्ज केलेला आहे’ म्हणजे परवाना मिळालेला आहे असे होत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच पडते. पांढऱ्या गेंड्याच्या बाबतीत २०१२ मध्ये आलेले निकष विशेष कडक आहेत : बारा महिन्यांत एकच शिकार, सरकारी अधिकाऱ्याची उपस्थिती, आणि अर्जदार आपल्या देशातील शिकार संघटनेचा सदस्य असल्याचा व त्याला पूर्वानुभव असल्याचा पुरावा. गेंड्याच्या शिंगासाठी खोटे शिकारी उभे केले जात असल्यामुळे ही अट आली, हे समजण्यासारखे आहे. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचीच परंपरा उरली नसल्याने भारतातून अर्ज करणाऱ्याजवळ हे कागद असण्याचा संभव फार थोडा.

बिबट्यासाठी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याचा कोटा, म्हणजे वर्षभरात शिकारीला परवानगी असलेली संख्या, शून्य होता. २०२२ मध्ये दहा बिबट्यांचा कोटा जाहीर झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पश्चिम केपच्या उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. आउटफिटरकडे भरलेली रक्कम अशा वेळी परत मिळेल की पुढच्या वर्षाकडे वळवली जाईल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. सरकार परवान्याबाबत उशीर करते, आणि त्याचा भुर्दंड मात्र पाहुण्याच्या खिशावर पडतो.

ट्रॉफी, म्हणजे शिकारीचे कातडे, शिंगे वगैरे, बाहेर नेण्याचा क्रमही उलटा धरला जातो. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टातील प्राण्यासाठी आधी आपल्या देशाचा आयात परवाना, मग दक्षिण आफ्रिकेचा निर्यात परवाना. आधी निर्यातीची धडपड करणाऱ्याचा अर्ज महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने २०१५ मध्येच सिंहाच्या ट्रॉफी आणण्यावर बंदी घातली आहे. भारतात काही आणण्याचा विचार असेल तर आफ्रिकेतील कोणताही परवाना भारतातील आयातीची परवानगी ठरत नाही, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या सायटीस व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय ट्रॉफीच्या प्रक्रियेसाठी एक रँडही भरू नये.